गाऊटवाला मित्र जेवायला येतोय: मटण, मासे की पिठलं?

मित्राला गाऊट आहे, म्हणजे रक्तातलं युरिक ॲसिड वाढून सांधे सुजतात, म्हटलं की आपण पहिली काट मारतो ती डाळीवर. मीही वर्षभर त्याला दुधी-पडवळावर ठेवलं. मग एका सकाळी त्याच्या पायाचा अंगठा पाहिला. लालबुंद, ताणून चकचकीत झालेला, चादरीचा काठ लागला तरी कळवळत होता. आदल्या रात्री डाळ नव्हतीच. आमच्याकडे दोन वाट्या पांढरा रस्सा आणि बिअर झाली होती. एकाच जेवणाने दुखणं उसळलं असं छातीठोक सांगता येत नाही, पण तेव्हापासून मी त्याच्यासाठी वेगळा विचार करून रांधतो.

मटण करायचं असेल तर आधी रश्श्याचं बघा. ज्या प्युरिनपासून शरीरात युरिक ॲसिड बनतं, ते पाण्यात विरघळतं. मटण शिजताना त्यातलं बरंचसं अळणीत, म्हणजे मटण शिजवलेल्या पाण्यात, उतरतं. म्हणजे ‘पीस नकोत, नुसता रस्सा वाढ’ हे पथ्य नाहीच, उलट जास्त त्रासाचं आहे. अळणी बाजूला काढून दोन-तीन पीस सुके परतून द्या. कलेजी, गुर्दा, भेजा मात्र त्याच्या ताटात नकोच.

मासे हलके, म्हणून चालतील असं वाटतं, पण कुरकुरीत तळलेली मांदेली, तारली, बांगडा हे प्युरिनने भरलेले. सुकट-जवळ्याची चटणीही त्यातलीच. मटण की मांदेली असं निवडायचं झालं तर मी थोडं सुकं मटण करेन.

खरं तर दोन्ही सोडून पिठलं-भाकरी करेन. अमेरिकेत 47,000 हून अधिक पुरुषांचा 12 वर्षं मागोवा घेऊन 2004 साली निष्कर्ष छापले गेले: मांस आणि मासळीने गाऊटचा धोका वाढला, प्युरिन असलेल्या भाज्या-कडधान्यांनी वाढला नाही, कमी स्निग्धांशाच्या दुधा-दह्याने तर घटला. तेव्हा पालकाची ताकातली भाजी, मटकीची उसळ, पिठलं बिनधास्त वाढा. किडनीचा त्रास असेल तर मात्र डाळ आणि मीठ किती, हे त्याच्या डॉक्टरांनाच विचारायला सांगा. सामिषाची आस असेल तर अंडा करी करा, अंड्यात प्युरिन अगदी कमी. वाटण भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याचं, तेच मटणाला घालता ते. पहिल्या घासाला त्याचा चेहरा उजळतो, मी पाहिलंय.

पिण्यात बिअर सगळ्यात वाईट. व्हिस्कीही औषध नव्हे. बाटलीतलं गोड कोल्ड्रिंक निरुपद्रवी वाटतं, पण साखरेतल्या फ्रुक्टोजने युरिक ॲसिड वाढतं, म्हणून साखर ओतलेलं कोकम सरबतही नको. पातळ ताक, जिरेपूड घालून, तांब्याभर ठेवा.

आणि ‘आता पथ्य पाळतोस, मग गोळी कशाला?’ असं प्रेमानेसुद्धा म्हणू नका. पथ्याने रक्तातल्या युरिक ॲसिडचा आकडा थोडाच खाली येतो. तो 6 mg/dL च्या खाली टिकवण्याचं मुख्य काम डॉक्टरांनी दिलेली रोजची गोळी करते.

पाय सुजलेला असेल त्या दिवशी त्याला जिने चढायला लावू नका. पिठलं, भाकरी आणि ताकाची बरणी घेऊन आपणच त्याच्या घरी जावं.