स्कायमॅक्स १२७ : इंदूरच्या परसातून चंद्र आणि गुरूचे फोटो काढायचे असतील तर

आधीच सांगून टाकते, शहरात राहून फक्त चंद्र आणि ग्रहांचे फोटो काढायचे असतील आणि घरामागे चार पावलं मोकळी जागा असेल तर स्काय-वॉचरची स्कायमॅक्स १२७ ही दुर्बीण डोळे मिटून घ्या, खाली एझेड-जीटीआय माउंट, मागे झेडडब्ल्यूओचा एएसआय ६६२एमसी कॅमेरा, आणि बार्लोचे (चित्र मोठं करणारं जोडभिंग) पैसे सध्या वाचवा. का ते आता सविस्तर लिहिते, कारण हे विचारणारे फोन मला सारखे येतात.

आमच्याकडे राजेंद्र नगरात मागे पारिजातक, कपडे वाळत घालायच्या दोऱ्या आणि त्यापलीकडे उत्तरेला तीन मजली इमारत. रस्त्यावरचे एलईडी दिवे रात्रभर सुरू. इथून आकाशगंगा वगैरे विसरायची. पण चंद्र, गुरू, शनी यांना या उजेडाने काही फरक पडत नाही, ते मुळातच एवढे तेजस्वी आहेत की एक्स्पोजर सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढं पुरतं. त्यांना पाहिजे शांत हवा, आणि शांत हवा कधी मिळेल ते सांगता येत नाही, म्हणून जी दुर्बीण एका हाताने उचलून बाहेर ठेवता येते तीच खरी वापरली जाते. मोठी डॉबसोनियन (लाकडी पेटीवर फिरणारी मोठ्या आरशाची दुर्बीण) जास्त दाखवते, मान्य, पण ती जिन्याखालून काढायची म्हटलं की माणूस आकाशाकडे बघून "उद्या बघू" म्हणतो.

१२७ म्हणजे समोरच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये, आणि फोकल लेंथ १५०० मिमी, तिला व्यासाने भागलं की एफ/११.८. हे मॅक्सुटोव्ह डिझाइन आहे, दिमित्री मॅक्सुटोव्हने १९४१ मध्ये काढलेलं, पुढे जाड वाटीसारखं भिंग आणि आत आरसा, प्रकाश घडी घालून फिरतो म्हणून दीड मीटरची फोकल लेंथ बुटक्या नळीत मावते. कोलिमेशनच्या, म्हणजे आरसे नेमके एका रेषेत आणण्याच्या, भानगडीत सहसा पडावं लागत नाही, आणि नोकरी करून रात्री फोटो काढणाऱ्याला हे फार मोठं सुख आहे.

आता बार्लोचं. ग्रहांच्या फोटोसाठी एक ढोबळ हिशोब चालतो, पिक्सलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या, पाचाने गुणा, साधारण तेवढा एफ नंबर पाहिजे. ६६२एमसीचा पिक्सल २.९ मायक्रॉन, म्हणजे १४.५, आणि दुर्बीण आधीच ११.८ वर आहे, जवळजवळ पोचलेलीच. एका पिक्सलला ०.४ आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे एका अंशाचा ३६०० वा भाग) पडतात, जानेवारी २०२६ मध्ये गुरू साडेशेहेचाळीस आर्कसेकंदांचा होता तर स्क्रीनवर साधारण ११५ पिक्सलचा दिसायचा. लोकांना तो छोटा वाटतो आणि ते लगेच २एक्स बार्लो लावतात. मग एफ/२३.६ होतो, तोच प्रकाश चौपट जागेत पसरतो, एक्स्पोजर चौपट वाढवावं लागतं आणि हवेची थरथर गोठवायची सगळी गंमतच जाते. नवीन तपशील जवळपास काही येत नाही. चित्र मोठं पाहिजे तर शेवटी कॉम्प्युटरवर दीडपट करा.

त्या जानेवारीत गुरू मिथुनेत होता, १० तारखेला प्रतियुती (म्हणजे आकाशात सूर्याच्या बरोबर समोर), आणि इंदूरचा अक्षांश पावणेतेवीस, त्यामुळे रात्री साडेबाराच्या सुमाराला तो अगदी डोक्यावर. युरोपातले लोक ज्यासाठी तळमळतात ते आपल्याला घरबसल्या मिळतं! डोक्यावरचा ग्रह म्हणजे मधे सगळ्यात कमी हवा, वर-खाली लाल-निळी कडा येत नाही, ती काढायला वेगळं करेक्टर लागत नाही. पण इथेच एझेड-जीटीआयची मर्यादा लागते आणि ती समजून घेतली पाहिजे. हे माउंट वर-खाली आणि डावीउजवीकडे असं फिरतं, आणि ग्रह बरोबर डोक्यावरून जात असेल तर पूर्वेकडून पश्चिमेकडे वळायला त्याला काही मिनिटांत अर्धी गिरकी घ्यावी लागते, तिथे ट्रॅकिंग सुटतं. सगळ्याच अशा माउंटचं तसं असतं. उपाय सोपा आहे, मध्यावर यायच्या तासभर आधी किंवा तासभर नंतर रेकॉर्ड करा, ग्रह तेव्हाही सत्तर अंशांच्या वरच असतो. आणि माउंट आणि ट्रायपॉडच्या मधे पिलर लावाच, नाहीतर सरळ वर बघताना कॅमेरा पायाला टेकतो.

मग इक्वेटोरियल माउंट, म्हणजे ध्रुवताऱ्याकडे अक्ष लावून आकाशाबरोबर फिरणारं, का नाही घ्यायचं? एक तर ध्रुवतारा इथून तेवीस अंशांवर, म्हणजे दाट वस्तीत बहुतेकांना तो दिसतच नाही, आमचा तर त्या तीन मजल्यांच्या मागे आहे. आणि ग्रहाचा व्हिडिओ दोन मिनिटांचा, तेवढ्यात फील्ड फिरण्याने (चित्र हळूहळू गोल वळण्याने) काही बिघडत नाही. दोनच मिनिटं कारण गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, मधोमध असलेली खूण मिनिटाला पाव आर्कसेकंद सरकते, त्यापेक्षा लांबवलं तर पट्टे पुसट होतात (विनज्युपॉस या सॉफ्टवेअरने ते सरळ करता येतं, पण ते पुढचं शिक्षण).

लॅपटॉपवर शार्पकॅप हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर उघडलं की पहिल्यांदा निराशाच होते, गुरू तापल्या तव्यावरच्या थेंबासारखा नाचत असतो, दोन पट्टे कसेबसे दिसतात. घाबरू नका. सेकंदाला शंभर फ्रेम म्हणजे दोन मिनिटांत बारा हजार, त्यातल्या काही फ्रेम हवा क्षणभर थांबलेली असताना येतात, ऑटोस्टॅकर्ट या सॉफ्टवेअरला त्यातल्या उत्तम वीस टक्के निवडून एकावर एक रचायला सांगायचं. रचलेलं चित्र मऊ, दुधाळ असतं, आणि मग रेजिस्टॅक्स या सॉफ्टवेअरमधला वेव्हलेटचा (बारकावे ठळक करणारा) पहिला-दुसरा स्लायडर हळूहळू सरकवला की दक्षिणेच्या पट्ट्यात खोबणी उमटते, तिच्यात तो लाल डाग बसलेला, उत्तरेच्या पट्ट्याच्या कडेला निळसर शेपट्या लटकलेल्या! तो क्षण मला दर वेळी तितकाच आवडतो. फक्त स्लायडर तिथेच सोडा, कडेला पांढरी रेघ आली की समजायचं जास्त झालं.

चंद्रासाठी तर ही दुर्बीण सोनं आहे. पौर्णिमेला काढू नका, सपाट येतो, सावल्याच नसतात. शुक्ल अष्टमी ते दशमी बघा, आणि वर्षातली सगळ्यात चांगली संधी म्हणजे फाल्गुन-चैत्रातली अष्टमी, तेव्हा चंद्र संध्याकाळी डोक्याजवळ असतो, म्हणजे होळीच्या साधारण आठवडाभर आधी तयारीत राहा. नवमीला प्लेटो विवरात सूर्य उगवतो, शंभर किलोमीटरचं सपाट काळं मैदान आणि त्यावर कडेच्या शिखरांच्या अणकुचीदार सावल्या, तासाभरात त्या आखूड होताना दिसतात. त्याच मैदानात दोन-अडीच किलोमीटरची बारीक विवरं आहेत. १२७ मिमीची सैद्धांतिक मर्यादा ०.९ आर्कसेकंद, चंद्रावर ते पावणेदोन किलोमीटर होतं, म्हणजे ही विवरं अगदी काठावर. हवा चांगली असेल तर ती पांढऱ्या ठिपक्यांसारखी येतात, आणि आली की समजा दुर्बीण पूर्ण कामाला लागली. शेजारच्या काकूंना लाइव्ह स्क्रीनवर प्लेटो दाखवला तर म्हणाल्या, "अगं, हे आत्ता होतंय का? सावली हलतेय की!" पूर्ण चंद्र मात्र एका फ्रेममध्ये मावत नाही, या सेन्सरवर पंधरा-वीस तुकडे जोडावे लागतात.

आता त्रासाचं. नळी बंद असते, त्यामुळे ती हळू थंड होते. घरात वीस अंश आणि बाहेर नऊ-दहा, अशा जानेवारीत तास-सव्वा तास आधी बाहेर ठेवावी लागते. तारा मुद्दाम फोकसबाहेर नेला आणि गोलाच्या एका बाजूने पिसासारखं काही वर जाताना दिसलं तर आत गरम हवा आहे, थांबा. काही लोक नळीला फॉइलची चटई गुंडाळतात, त्याने आतली हवा फिरत नाही आणि वाट कमी बघावी लागते, मी पण तेच करते. दुसरं म्हणजे दव, पुढचं भिंग उघडं असतं, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ते पटकन भिजतं, योगा मॅटचा तुकडा नळी करून पुढे लावला तरी पुष्कळ फरक पडतो. फोकसची नॉब आतला मुख्य आरसाच हलवते त्यामुळे दिशा बदलली की ग्रह स्क्रीनवर उडी मारतो, शेवटचं फिरवणं नेहमी एकाच दिशेने ठेवायचं. माउंटमध्ये आठ पेन्सिल सेल बसतात पण थंडीत त्यांच्या भरवशावर राहू नका, १२ व्होल्टचा बाहेरचा पुरवठा घ्या.

आणि गच्चीपेक्षा परस बरं! गच्चीचा स्लॅब दिवसभर तापून रात्री उष्णता सोडत राहतो, माती आणि गवत लवकर शांत होतात. शेजाऱ्यांच्या एसीचं आउटडोअर युनिट कुठे आहे ते एकदा बघून ठेवा, त्याच्यावरून गेलेला ग्रह उकळत्या पाण्यातून बघितल्यासारखा येतो, दोन पावलं बाजूला सरकलं तरी काम होतं.

तेजोमेघ आणि दीर्घिका काढायच्या असतील तर ही घेऊ नका, फील्ड फार अरुंद आणि एफ/११.८ ला तासन् तास एक्स्पोजर लागेल. ग्रहांसाठी घेत असाल तर पावसाळा संपायच्या आत मागवून ठेवा, ४ ऑक्टोबर २०२६ ला शनीची प्रतियुती आहे, मार्च २०२५ मध्ये कडी अगदी आडवी होऊन रेघ झाली होती ती आता परत उघडायला लागली आहेत, आणि फेब्रुवारी २०२७ मध्ये गुरू आणि मंगळ दोघंही एकाच महिन्यात प्रतियुतीत येतात. मंगळ तेव्हा चौदा आर्कसेकंदांच्या आतच असेल, जेमतेम पस्तीस पिक्सल, त्याच्यासाठी १.५एक्स बार्लो कोणाकडून मागून आणला तर चालेल.