पोस्टग्रेस की मारियाडीबी: स्वतःच्या सर्व्हरवर वेग टिकवायचा तर

स्वतःच्या सर्व्हरवर पोस्टग्रेस किंवा मारियाडीबीसारखा डेटाबेस बसवायला फार वेळ लागत नाही. तो वर्षभराने, डेटा दसपट झाल्यावरही तसाच पळाला पाहिजे, ही खरी जबाबदारी. म्हणून बेंचमार्कचे तक्ते बाजूला ठेवा आणि कोणती देखभाल तुमच्या हातून नियमित होईल, ते पाहून निवडा. वर्डप्रेस चालवायचं असेल तर प्रश्नच मिटतो, त्याला मारियाडीबी किंवा मायएसक्यूएलच लागतं. पुढचं सगळं स्वतःचं ॲप्लिकेशन लिहिणाऱ्यांसाठी.

मोठा फरक अपडेटमध्ये आहे. पोस्टग्रेस ओळ बदलताना जुनी तशीच ठेवून नवी आवृत्ती लिहितो. या जुन्या, म्हणजे मेलेल्या ओळी ऑटोव्हॅक्यूम (आपोआप चालणारी सफाईची प्रक्रिया) मागाहून साफ करतो. त्याचा मूळ हिशेब असा: टेबलातल्या २० टक्के ओळी अधिक ५० इतक्या मेल्या की साफसफाई सुरू. हजार ओळींच्या टेबलाला हे पुरतं. एक कोटी ओळी असतील तर मात्र २० लाख मेलेल्या ओळी साचेपर्यंत तिकडे कोणी फिरकत नाही. दुकानाच्या स्टॉकचं टेबल घ्या: प्रत्येक विक्रीला शिल्लक बदलते, टेबल आणि इंडेक्स (ओळी लवकर शोधायची सूची) फुगत जातात आणि तीच क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) जास्त पानं (डिस्कवरचे डेटाचे तुकडे) वाचू लागते. अशा टेबलापुरतं हे प्रमाण ०.२ वरून ०.०१ वर आणा, म्हणजे लाखभर ओळी मेल्या की सफाई होईल. ऑटोव्हॅक्यूम बंद करायचा सल्ला कोणी दिला तर मुळीच ऐकू नका. फुगलेलं टेबल आवळायला व्हॅक्यूम फुल आहे, पण तो चालू असेपर्यंत ते टेबल वाचताही येत नाही. चालत्या सर्व्हरवर त्यापेक्षा पीजी-रिपॅक बरा, तो टेबल वापरात असतानाच आवळतो.

मारियाडीबीचं इनोडीबी इंजिन (डेटा साठवणारा भाग) जुनी आवृत्ती अनडू लॉग नावाच्या वेगळ्या नोंदीत टाकतं आणि मागे चालणारे सफाईचे पर्ज थ्रेड ती काढतात. सतत बदलणाऱ्या टेबलांना हे सोयीचं, लक्षही कमी द्यावं लागतं. इथे सगळा भार प्रायमरी कीवर (प्रत्येक ओळीची वेगळी ओळख) असतो, कारण ओळी तिच्याच क्रमाने साठवल्या जातात. की म्हणून रँडम यूयूआयडी (कुठल्याही क्रमाशिवाय बनवलेली लांब ओळख) घेतलात तर नवी ओळ कुठेही मध्येच घुसते, पानं फुटतात आणि ती लांबलचक की प्रत्येक दुय्यम इंडेक्समध्येही जाऊन बसते. वाढत जाणारा साधा आकडा घ्या.

उघडं राहिलेलं ट्रान्झॅक्शन (सुरू करून न संपवलेला कामांचा गट) दोघांनाही नडतं, कारण त्याला दिसणाऱ्या जुन्या आवृत्त्या काढता येत नाहीत. पोस्टग्रेसमध्ये अशा रिकाम्या ट्रान्झॅक्शनची वेळमर्यादा मुळात बंद असते. ती पहिल्याच दिवशी लावा.

मेमरीचं गणितही निराळं. डेटा रॅममध्ये धरून ठेवायच्या जागेची दोघांचीही मूळ सेटिंग १२८ एमबी, आजच्या सर्व्हरला अगदीच तुटपुंजी. फक्त डेटाबेससाठीच असलेल्या मशीनवर इनोडीबीच्या या जागेला, म्हणजे बफर पूलला, ७० टक्क्यांच्या आसपास रॅम देता येते. पोस्टग्रेस ऑपरेटिंग सिस्टिमच्या कॅशवरही विसंबतो, म्हणून तिथे २५ टक्क्यांपासून सुरुवात करायची. शिवाय तो प्रत्येक कनेक्शनला वेगळी प्रोसेस उघडतो. छोट्या व्हीपीएसवर (भाड्याच्या आभासी सर्व्हरवर) शेकडो कनेक्शन येणार असतील तर पुढे पीजीबाउन्सर हवाच, तो मोजकी कनेक्शन सगळ्यांत वाटून देतो. मारियाडीबीत थ्रेड पूल (मोजक्या थ्रेडवर अनेक कनेक्शन चालवायची सोय) फुकटात मिळतो.

मंद क्वेरी शोधण्यात मला पोस्टग्रेस उजवा वाटतो. पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्स हे क्वेरींची आकडेवारी ठेवणारं एक्स्टेन्शन चालू केलं की एकूण वेळ कोण खातंय ते थेट दिसतं. दहा मिलीसेकंदांची, पण दिवसात लाखो वेळा चालणारी क्वेरी तिथे लगेच सापडते. मारियाडीबीचा स्लो लॉग (मंद क्वेरींची नोंद) सुरुवातीला बंद असतो आणि त्याची मर्यादा १० सेकंद. ती एका सेकंदावर आणा.

माझा कौल: अहवाल, मोठे जॉइन (अनेक टेबलं जोडून वाचणं), गुंतागुंतीच्या क्वेरी असतील आणि आठवड्यातून एकदा आकडे पाहणारं माणूस असेल, तर पोस्टग्रेस. साधी देवाणघेवाण असेल आणि सर्व्हरकडे बघायला कोणीच नसेल, तर मारियाडीबी.

पोस्टग्रेस घेतलात तर ऑपरेटिंग सिस्टिम बदलतानाही जपा. २०१८ मध्ये लिनक्सच्या जीलिबसी या मूळ लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीने मजकूर क्रमाने लावायचे नियम बदलले. जुन्या लिनक्सवरची डेटा डिरेक्टरी तशीच डेबियन १० वर नेली की मजकुरावरचे इंडेक्स चुकू शकतात, असलेली ओळसुद्धा सापडत नाही. अशा स्थलांतरानंतर आधी री-इंडेक्स (इंडेक्स नव्याने बांधणं), मगच ॲप्लिकेशन चालू.