सीको 5 ऑटोमॅटिक : केळीच्या बागेत वापरल्यानंतर

ज्याचा दिवस हातापायांच्या कामात जातो, त्यानेच ऑटोमॅटिक घड्याळ घ्यावं. गेल्या पावसाळ्यापासून सीको 5 वापरतोय, आणि हे मत आता पक्कं झालंय. रावेर तालुक्यात आमची केळी आहे. कापणी सुरू झाली की पहाटेपासून ट्रक भरेपर्यंत हाताला उसंत नसते, आणि त्याच हालचालीवर आतली स्प्रिंग भरत राहते. सेल बदलणं नाही, रोज सकाळी चावी देणं नाही.

माझं मॉडेल जुन्या घाटाचं, 37 मिमीचं, आत 7एस26 मशीन. तासाला 21,600 ठोके, त्यामुळे सेकंदकाटा उड्या न मारता सरकत जातो. क्राउन, म्हणजे काटे लावायची बाजूची गुंडी, चारच्या आकड्यापाशी केसमध्ये दडलेला, घड उचलताना मनगट वाकवलं तरी रुतत नाही.

सुरुवातीला आठवड्याला मिनिटभर पुढे जायचं. यांत्रिक घड्याळात एवढं चालतंच, पण भुसावळच्या एका जुन्या कारागिरांकडून वेग जुळवून घेतला. त्यांनी रोटर, म्हणजे हाताच्या हालचालीने फिरून स्प्रिंग भरणारं वजन, बाजूला काढून मॅजिक लिव्हर दाखवला, आणि मी बघतच राहिलो. दोन बोटांची एवढीशी पट्टी! रोटर डावीकडे फिरो की उजवीकडे, एक बोट दातेरी चाक ओढतं, नाहीतर दुसरं ढकलतं. चाक मात्र एकाच दिशेने पुढे जातं. “भाऊ, एवढ्यावरच सगळं चालतं,” ते म्हणाले. सीकोने ही युक्ती 1959 मध्ये आणली. सुटे भाग कमी, म्हणून साध्या माणसाला परवडेल असं ऑटोमॅटिक बनवता आलं. 1963 मध्ये पहिलं ‘5’ आलं. किंतारो हत्तोरींनी 1881 मध्ये टोकियोत दुकान थाटलं, तिथून सुरू झालेलं हे घराणं. 1969 मध्ये क्वार्ट्झचं, म्हणजे सेलवर चालणारं, मनगटी घड्याळ बाजारात पहिल्यांदा आणलं तेही यांनीच, तरी ऑटोमॅटिक सोडलं नाही. याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता आपल्याकडची गोष्ट. केळीचा चीक. मी हौसेने लावलेला चामड्याचा पट्टा पहिल्याच कापणीत काळा पडला, उरलंसुरलं मेच्या घामाने केलं. स्टीलची चेनच बरी. चीक वाळायच्या आत ओलं फडकं फिरवायचं. 30 मीटर लिहिलंय म्हणून विहिरीत उडी मारू नका, तो आकडा हात धुण्यापुरता आणि पावसाच्या सरीपुरता.

काढून ठेवलं तर साधारण 40 तासांत थांबतं. या मशीनला हाताने चावी देता येत नाही, आडवं धरून थोडा वेळ हलवावं लागतं. तारीख रात्री नऊ ते पहाटे साडेचारच्या दरम्यान बदलू नये, त्या वेळी तारखेची चाकं एकमेकांत अडकलेली असतात.

दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याने 2019 नंतरच्या 4आर36 मशीनचं सीको 5 बघावं. त्याला हाताने चावी देता येते, क्राउन ओढला की सेकंदकाटाही थांबतो. त्यातली बरीच मॉडेलं मात्र 42 मिमीच्या पुढची आहेत, तेव्हा बारीक मनगटावर घालून बघितल्याशिवाय घेऊ नका.