ब्यूफोर्ड की ग्रीअर्सन? युनियनच्या घोडदळाचा अभ्यास कोणाच्या चरित्रापासून सुरू करावा

अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१–६५) उत्तरेच्या, म्हणजे युनियनच्या, घोडदळाने काय साधले हे एखाद्या सेनानीच्या चरित्रातून समजून घेण्याची ज्यांची इच्छा आहे, त्यांनी जॉन ब्यूफोर्ड आणि बेंजामिन ग्रीअर्सन या दोघांचा विचार प्रथम करावा. दोघेही १८२६ साली जन्मले, दोघांचाही इलिनॉय राज्याशी निकटचा संबंध होता, आणि एप्रिल ते जुलै १८६३ या काळात दोघांनीही, तोवर दक्षिणेच्या स्वारांपुढे फिके पडणाऱ्या आपल्या दलाचे खरे सामर्थ्य दाखवून दिले. यापलीकडे त्यांच्यात साम्य फारसे नाही, आणि म्हणूनच निवड विचारपूर्वक करावी लागते.

ब्यूफोर्ड हे पेशाने सैनिक होते. १८४८ साली वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून बाहेर पडल्यावर त्यांची उमेदीची वर्षे पश्चिम सीमेवर ड्रॅगून दलात गेली. घोड्यावरून वेगाने इष्ट जागी पोहोचायचे आणि तेथे पायउतार होऊन बंदुकीने लढायचे, ही ड्रॅगूनांची पद्धत त्यांच्या अंगी मुरली होती. तिची कसोटी पेनसिल्व्हेनियातील गेटिसबर्ग येथे लागली. ३० जून १८६३ रोजी ते दोन ब्रिगेड घेऊन त्या गावात पोहोचले, गावाच्या दक्षिणेकडील उंचवटे शत्रूच्या हाती पडू देता कामा नयेत हे त्यांनी ओळखले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या उंचवट्यांवर न थांबता गावाच्या पश्चिमेला, टेकड्यांच्या एकामागून एक असलेल्या रांगांवर शत्रूला अडवले. दर चार स्वारांपैकी एक घोडे सांभाळण्यासाठी मागे राहत असल्यामुळे प्रत्यक्ष लढणारे हात आणखी कमी झाले होते. तरीही मागून भरायच्या कार्बाइन (आखूड बंदुका) आणि सहा तोफा यांच्या बळावर त्यांनी दक्षिणेचे जनरल हेथ यांच्या पायदळाला युनियनचे जनरल रेनल्ड्स यांची कुमक येईपर्यंत रोखून धरले. वेळ विकत घेण्यासाठी जमीन थोडी थोडी सोडत जाण्याचे हे तंत्र इतके स्पष्टपणे दाखवणारे दुसरे उदाहरण त्या युद्धात मला तरी दिसत नाही.

मात्र चरित्र म्हणून पाहता येथे मोठी उणीव आहे. १६ डिसेंबर १८६३ रोजी, वयाच्या ३७व्या वर्षी, विषमज्वराने ब्यूफोर्ड यांचे निधन झाले. मेजर जनरलपदाची नेमणूक त्यांच्या हाती मृत्युशय्येवर पडली. जनरल म्हणून त्यांना जेमतेम दीड वर्ष लाभले, आणि त्यांचे खाजगी लिखाण फारसे उपलब्ध नसल्यामुळे त्या माणसाच्या मनात शिरण्याची वाट बहुतांशी बंदच राहते.

ग्रीअर्सन यांच्या बाबतीत परिस्थिती उलटी आहे. ते संगीतशिक्षक आणि बँडप्रमुख होते, व्यापारात अपयशी ठरले होते, आणि लहानपणी घोड्याने लाथ मारल्यापासून घोड्यांविषयी त्यांच्या मनात अढी होती. अशा माणसाच्या हाती घोडदळाची रेजिमेंट आली आणि त्याने १७ एप्रिल १८६३ रोजी टेनेसीतील ला ग्रेंज येथून १,७०० स्वारांनिशी कूच केले. चार दिवसांनी त्यांनी कर्नल हॅच यांची आयोवा रेजिमेंट उत्तरेकडे परत पाठवून पाठलाग करणाऱ्यांची दिशाभूल केली. २४ एप्रिलला न्यूटन स्टेशन येथे त्यांनी मिसिसिपी नदीवरील दक्षिणेच्या व्हिक्सबर्ग या बालेकिल्ल्याला रसद पुरवणारा लोहमार्ग उखडला आणि दोन गाड्या ताब्यात घेतल्या. मागे फिरणे धोक्याचे दिसताच ते तसेच दक्षिणेकडे जात राहिले आणि २ मे रोजी बॅटन रूज येथे युनियनच्या छावणीत पोहोचले. सोळा दिवसांत सुमारे ६०० मैलांची ही दौड झाली. तिच्यात त्यांचे तीन सैनिक ठार व सात जखमी झाले. या दौडीचे मोल उखडलेल्या रुळांपेक्षा अधिक आहे. व्हिक्सबर्गचे रक्षण करणारे दक्षिणेचे जनरल पेंबरटन यांचे लक्ष आणि त्यांचे स्वार ग्रीअर्सन यांच्या मागे गुंतलेले असतानाच, ३० एप्रिलला व्हिक्सबर्गवर चालून जाणारे युनियनचे जनरल ग्रँट यांनी मिसिसिपी नदी ओलांडली. छापा आणि मुख्य मोहीम यांची सांगड कशी असावी, हे येथे शिकायला मिळते.

पुढील वर्षी मिसिसिपी राज्यातील ब्राइसेस क्रॉसरोड्स येथे दक्षिणेचे घोडदळ सेनानी फॉरेस्ट यांनी युनियनचे जनरल स्टर्जिस यांच्या सैन्याचा धुव्वा उडवला, तेव्हा ग्रीअर्सन त्याच सैन्याच्या घोडदळाचे प्रमुख होते. चरित्र वाचताना हा पराभव वगळू नये.

माझी स्पष्ट शिफारस ग्रीअर्सन यांच्या बाजूने आहे, आणि तिचे मुख्य कारण युद्धानंतरच्या वर्षांत आहे. १८६६ साली कृष्णवर्णीय सैनिकांची दहावी घोडदळ रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा ग्रीअर्सन तिचे कर्नल झाले आणि दोन दशकांहून अधिक काळ त्यांनी ती सांभाळली. आपल्या सैनिकांना मिळणाऱ्या हीन वागणुकीविरुद्ध ते वरिष्ठांशी भांडले, आणि त्याची किंमत बढतीच्या विलंबाने मोजली, असे मानायला जागा आहे. नियमित सैन्यातील ब्रिगेडियर जनरलपद त्यांना १८९० मध्ये, निवृत्तीच्या वर्षीच, मिळाले. १८८० साली अपाची या मूळ रहिवासी जमातीचा नेता व्हिक्टोरिओ याच्या मागे धावत सुटण्याऐवजी त्यांनी पश्चिम टेक्सासमधील पाणवठे रोखून धरले आणि त्याला मेक्सिकोत परतायला भाग पाडले.

ज्यांना केवळ रणांगणावरील निर्णयाचा अभ्यास करायचा आहे, त्यांनी मात्र ब्यूफोर्डच निवडावेत. १ जुलैची ती सकाळ नकाशा समोर ठेवून वाचल्यास दोन-तीन दिवसांत नीट समजते. युनियनचेच सेनानी फिलिप शेरिडन हे नाव अधिक प्रसिद्ध असले तरी सुरुवातीसाठी ते मी सुचवणार नाही, कारण एप्रिल १८६४ मध्ये घोडदळाच्या कोअरचे (अनेक डिव्हिजनांच्या सैन्यविभागाचे) प्रमुख झालेले शेरिडन ऑगस्टमध्येच व्हर्जिनियातील शेनान्डोआ खोऱ्यातील संपूर्ण सैन्याचे सेनापती झाले, आणि त्यांच्या चरित्रात घोडदळ हा अनेक विषयांपैकी एक ठरतो. शिवाय ग्रीअर्सन वाचताना शेरिडन यांची गाठ पडतेच: आजच्या ओक्लाहोमातील फोर्ट सिल या लष्करी ठाण्याची जागा ग्रीअर्सन यांनी हेरली, १८६९ च्या जानेवारीत शेरिडन यांनी तेथे ठाणे वसवले, आणि मूळ रहिवाशांशी कसे वागावे याविषयी या दोघांची मते किती भिन्न होती, हे त्या ठाण्याच्या पहिल्या काही वर्षांतच दिसून येते.