रीफ टाकीसाठी समुद्राचं पाणी आणावं की मीठ कालवावं?

माझी रीफ टाकी, म्हणजे समुद्री मासे आणि पोवळी ठेवायची टाकी, दोन फुटी आहे, पाणी साठ लिटरच्या आसपास. एक क्लाउनफिशची जोडी, बाकी झोआ आणि मशरूम ही मऊ अंगाची पोवळी. दर रविवारी आठ लिटर पाणी बदलतो. हे आठ लिटर पहिली दीड वर्षं समुद्रातून आणले, त्यानंतर आजवर गोड्या पाण्यात रीफ सॉल्ट, म्हणजे टाकीसाठीचं समुद्री मीठ, कालवतो आहे.

समुद्राच्या पाण्याचं कौतुक आधी करतो, कारण ते खरंच गुणी असतं. मुरूडला मावशीकडे जाणं व्हायचंच, येताना काशीदला थांबून वीस-वीस लिटरचे दोन कॅन भरायचे. खाडीच्या तोंडापासून लांब आणि भरती पूर्ण चढल्यावरच, कारण ओहोटीला खाडीतलं पाणी बाहेर पडतं. घरी दुहेरी पंचातून गाळून दोन आठवडे अंधारात ठेवायचं. डिसेंबर-जानेवारीत असं पाणी घातलं की तासाभरात झोआ ताटासारखे पसरायचे. अल्कलिनिटीही (पाण्यातला कार्बोनेटचा साठा, dKH या एककात) सातच्या आसपास, जशी निसर्गात असते तशी. काही रीफ सॉल्टमध्ये ती अकरा-बाराच्या घरात जाते, त्यामुळे मीठ निवडताना तेवढं बघून घ्या.

माझं घोडं अडलं ते पावसाळ्यात. एकदा आषाढात आणलेल्या पाण्याचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या (खारटपणा मोजायच्या उपकरणाच्या) काचेवर टाकला, तर आकडा १.०१८. टाकी १.०२५ वर, आणि कॅनमधला रंग फिक्या चहासारखा. पाणी निवळू दिलं, थोडं मीठ घालून १.०२५ वर आणलं आणि मगच घातलं. तरी झोआ मुठी आवळल्यासारखे मिटले ते नऊ दिवस उघडले नाहीत. कडेची चार-पाच डोकी विरघळून गेली. नायट्रेट बघितलं, फॉस्फेट बघितलं, सगळं ठीक. नद्या-ओढ्यांतून शेतातलं आणि गटारातलं काय काय वाहून येतं, ते आपल्या घरच्या टेस्ट किटवर दिसत नाही. मला सगळ्यात जास्त खुपलं ते हेच. चूक काय झाली ते कळलं असतं, तर पुढच्या वेळी सुधारता आली असती.

शिवाय जून ते सप्टेंबर मीठ लागणारच असेल, तर दर वर्षी दोन पाण्यांत ये-जा करण्यात टाकीचे हाल होतात.

मिठाचीही कटकट आहेच. स्वयंपाकघरातल्या आरओवर भागत नाही. माझ्याकडच्या मशीनला पाण्यात थोडे क्षार मुद्दाम राखणारा टीडीएस कंट्रोलर आहे, त्याचं पाणी टीडीएस (विरघळलेले क्षार) साठच्या आसपास दाखवायचं आणि काचेवर केसाळ शेवाळ धरायचं. डीआयची, म्हणजे उरलेले क्षारही काढणाऱ्या फिल्टरची, नळी जोडून आकडा शून्यावर आणला तेव्हा ते हटलं. वीस किलोची बादली घेताना पैसे एकदम जातात, पण लिटरला साधारण ३७-३८ ग्रॅम धरले तर आठवड्याला तीनशे ग्रॅम, म्हणजे वर्षभर पुरून उरते. आणि आपल्याकडची दमट हवा! बादली नुसती झाकून ठेवली तर श्रावणापर्यंत आत ढेकळं होतात, आणि असं मीठ नीट विरघळत नाही. मी बादली आली की आधी घोळवून एकजीव करतो आणि किलो-किलोच्या घट्ट बरण्यांत भरून ठेवतो.

देवगड-मालवणकडे किनाऱ्याजवळच राहणाऱ्याला माझं म्हणणं कदाचित पटणार नाही, आणि नोव्हेंबर ते मे त्यांचं बरोबरही असेल. फक्त पाणी भरताना पोवळ्याचा तुकडा उचलू नका. कठीण पोवळी १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि कायदा नसता तरी त्यांची जागा तिथेच आहे.

ठाणे-डोंबिवलीकडचं कुणी आज टाकी लावत असेल, तर निदान पहिलं वर्ष मिठावर काढावं असं मला वाटतं. समुद्राचं पाणी घालून बघायचंच असेल, तर दिवाळीनंतर एक कॅन आणा आणि पहिल्या रविवारी दोनच लिटर घाला.