मुंबई हायकोर्टाचं जुनं पोस्टकार्ड: रंगीत छापील की खऱ्या फोटोचं?

हायकोर्टाचं जुनं कार्ड शोधायला निघालात की बहुतेक वेळा दोन प्रकार हाती येतात. एक रंगीत छापील, कोरं, चारही कोपरे शाबूत. दुसरं खऱ्या फोटोचं, म्हणजे थेट फोटोच्या कागदावर उमटवलेलं, कृष्णधवल, कुणीतरी लिहून टपालात टाकलेलं आणि थोडं मळलेलं. हात आधी रंगीत कार्डाकडेच जातो. एकच घ्यायचं असेल तर मी म्हणेन, दुसरं घ्या.

रंगीत कार्डात आभाळ निळंशार, ओव्हल मैदान हिरवंगार. पण इमारत? माझ्याकडच्या कार्डावर ती चक्क गुलाबी आहे. हायकोर्ट काळ्या बसाल्टचं! त्या काळी अशी बरीच कार्डं जर्मनीत छापून येत. मूळ फोटो काळापांढरा, रंग छापखान्यात चढवलेले. भिंग धरलंत की चित्र बारीक टिंबांत विरघळतं आणि खिडक्यांची नक्षी हातून निसटते.

फोटोच्या कार्डावर भिंग धरा. टिंबं नाहीत. कर्नल फुलर यांनी आराखडा केलेल्या या गॉथिक इमारतीचे मनोरे, कमानी, जिने एकेक करून उलगडत जातात. फोटो चांगला असेल तर माथ्यावरच्या न्याय आणि दया या दोन मूर्तीही ओळखू येतात. गडद भागात तिरक्या उजेडात चंदेरी झाक दिसली तर बिचकू नका. ती फोटोतली चांदी वर आलेली असते, जुनेपणाची खूण. पुसायला मात्र जाऊ नका.

खरी गंमत पाठीवर आहे. पत्ता आणि मजकूर यांच्यामध्ये उभी रेघ असेल तर कार्ड विसाव्या शतकातलं. ब्रिटनमध्ये ही सोय १९०२ साली आली. त्याआधी पाठीवर फक्त पत्ता, मजकूर चित्राच्या कडेला दाटीवाटीनं. तिकिटावर सातवा एडवर्ड असेल तर १९०२ नंतरचं, पाचवा जॉर्ज असेल तर १९११ नंतरचं. शिक्क्यावरची तारीख वाचता आली तर उत्तमच, पण ती टपालात टाकल्याची तारीख. फोटो त्याच्या कितीतरी आधीचा असू शकतो. इमारत तर १८७८ पासून उभी आहे.

मला एडवर्डचं तिकीट असलेलं कार्ड हातात घेतलं की १९०८ चा जुलै आठवतो. याच इमारतीत लोकमान्यांवर राजद्रोहाचा खटला चालला आणि सहा वर्षांची शिक्षा झाली. लिहिणाऱ्यानं हवापाण्याविषयी चार ओळी लिहिलेल्या असोत, कार्ड त्या काळाचं आहे. कोऱ्या कार्डाच्या पाठीवर तिकीट, शिक्का, मजकूर यातलं काहीच नसतं.

रंगीत कार्ड घ्यायचंच तर एका बाबतीत घ्या: भिंतीवर चौकटीत लावायचं असेल. उन्हात ते विटलं तरी हळहळ कमी. फोटोचं कार्ड भिंतीवर लावू नका.

पैसे देण्याआधी दोन्ही कार्डं अतिनील दिव्याखाली धरा. कागद निळसर पांढरा लख्ख चमकला तर ती बहुधा नंतरची नक्कल. जुना कागद असा उजळत नाही. घरी आणल्यावर पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, पॉलिप्रॉपिलीनचं पाकीट घ्या. आणि तिकीट वाफेवर सोडवून वेगळं जपायचा मोह झाला तर आवरा: अर्धा शिक्का तिकिटावर असतो, अर्धा कार्डावर.