सांगलीतली कुत्र्यांच्या कच्च्या खाण्याची पाकिटं: चिकन शिजवून चालेल, मासळी नको

सांगली-मिरज पट्ट्यात कुत्र्यामांजरांच्या सामानाच्या दुकानांत आता पट्टे-साखळ्यांच्या शेजारी आडवा डीप फ्रीझरही दिसतो. आत पारदर्शक पिशव्यांत गोठवलेलं कच्चं मांस असतं. अशाच एका दुकानातली अर्ध्या किलोची तीन पाकिटं इथे तपासली आहेत: चिकन खिमा, 'मिक्स फिश' आणि शेळ्यामेंढ्यांच्या कलेजी-फुप्फुसाचे तुकडे. तिन्हींवर एकच ओळ छापली आहे, 'डीप फ्रोझन, जंतुमुक्त'. ती चुकीची आहे, आणि बाकी सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

गोठवल्याने मासळीतले कृमी मरतात, तेही उणे २० अंशांवर सलग सात दिवस ठेवलं तर. साल्मोनेला, ई. कोलाय, लिस्टेरिया हे जिवाणू मात्र थंडीत नुसते थांबतात. मांस वितळलं की पुन्हा कामाला लागतात. त्यातून आपल्याकडची वीज. फ्रीझर दुपारी चार तास बंद पडला आणि संध्याकाळी सगळं पुन्हा गोठलं, तर गिऱ्हाइकाला कळणार कसं? त्यासाठी पिशवी उलटी करून खालचा कोपरा बघायचा. तिथे गुलाबी पाण्याचा वेगळा बर्फ साचला असेल, किंवा सुटे तुकडे एकमेकांना चिकटून पिशवीच्या तळाचा आकार घेऊन बसले असतील, तर माल एकदा वितळून पुन्हा गोठलेला आहे. तपासलेल्या मासळीच्या पाकिटात असा बोटभर जाड बर्फ होता. चिकनच्या पाकिटात नव्हता.

चिकन खिम्याचं पाकीट त्यातल्या त्यात बरं. माना हाडांसकट बारीक दळल्या आहेत, कलेजी थोडीच आहे आणि पॅकिंगची तारीख वाचता येते. लेबलवर 'कच्चंच द्या, शिजवल्यास सत्त्व जातं' असं लिहिलंय, ते मनावर घेऊ नये. कच्च्या कोंबडीत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सर्रास सापडतो. मेलबर्न विद्यापीठाच्या २०१८च्या अभ्यासात कच्चं चिकन खाणं आणि कुत्र्यांच्या पायातलं बळ जाणारा मज्जातंतूंचा आजार यांचा ठळक संबंध दिसला. मागचे पाय आधी लुळे पडतात, मग पुढचे. बर्ड फ्लूचं सावट आहेच: डिसेंबर २०२४मध्ये नागपूरच्या गोरेवाडा प्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या एच५एन१ने दगावले.

शिजवायला वेळही फार लागत नाही. पाकीट रात्री झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घालून फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा, म्हणजे गळलेलं पाणी भाजीवर पडणार नाही. ओट्यावर वितळवू नका. बाहेरचा थर कोमट होतो, आतला गड्डा तसाच राहतो. सकाळी खिमा बुडेल एवढं पाणी घालून उकळी आल्यावर दहा-बारा मिनिटं शिजवा, अधूनमधून गुठळ्या फोडा. आतपर्यंत ७४ अंश तापलं पाहिजे. थर्मामीटर नसेल तर कुठेही गुलाबी दिसता कामा नये. मीठ, कांदा, लसूण काहीही नको. काल उरलेला तांबडा रस्सा वरून ओतायची हौस तर अजिबात नको, कांद्याने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात.

दुकानात अख्ख्या मानाही मिळतात. त्या शिजवायच्या तर कुकरमध्ये, हाड दोन बोटांत कुस्करेपर्यंत. अर्धवट शिजलेलं हाड टोकदार फुटतं आणि घशात किंवा आतड्यात रुततं. तेवढं मऊ झालं नाही तर हाडं काढून टाका, पण मग कॅल्शियमचं बघावं लागतं, कारण नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला. किलोभर बिनहाडाच्या मांसाला अंड्याच्या कवचाची बारीक पूड साधारण एक चहाचा चमचा. वाढीच्या पिल्लाला नुसत्या मांसावर ठेवलं तर हाडं ठिसूळ होतात. ग्रेट डेन, लॅब्रॅडॉरसारख्या मोठ्या जातींच्या पिल्लांचा आहार पशुवैद्यकाकडूनच ठरवून घ्या.

'मिक्स फिश' घेऊ नका. कुठली मासळी ते लेबलवर नाही. वितळल्यावर आत बांगड्याचे तुकडे आणि सायप्रिनसची डोकी निघाली. सायप्रिनस म्हणजे कार्प. या कच्च्या माशात थायमिनेज असतं, ते खाण्यातलं ब१ जीवनसत्त्व मोडून टाकतं. एखाद्या दिवशी खाल्ल्याने काही होत नाही. रोज दिलं तर काही आठवड्यांत भूक मरते, चाल डुलते, पुढे झटके येतात. शिजवलं की थायमिनेज निकामी होतं, म्हणून सायप्रिनसचं एवढं भय नाही. बांगड्याची गोष्ट वेगळी. तो उन्हात राहिला की त्यात हिस्टामिन तयार होतं, आणि ते कितीही उकळलं तरी जात नाही. वितळून पुन्हा गोठलेल्या पाकिटात बांगडा असणं म्हणूनच वाईट. मासळी द्यायचीच तर बाजारातून ताजी, डोळे स्वच्छ आणि कल्ले लाल बघून घ्या, उकडून काटे काढून द्या.

तिसरं पाकीट दुकानदाराने ठेवूच नये. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, पलीकडे साताऱ्यातले माण-खटाव, हा सगळा मेंढरांचा मुलूख. मेंढीच्या कलेजीत-फुप्फुसात कधीकधी पाण्याने भरलेले पांढुरके फुगे असतात, ती हायडॅटिडची, म्हणजे एका पट्टकृमीच्या अळ्यांची गळवं. असं कच्चं फुप्फुस खाल्लं की कुत्र्याच्या आतड्यात तो काही मिलिमीटरचा पट्टकृमी वाढतो. कुत्रं ठणठणीत दिसतं, विष्ठेत कृमी डोळ्यांना दिसत नाही. पण त्याची अंडी अंगावरच्या केसांना चिकटतात, मग पोरांच्या हातावर, आणि माणसाच्या यकृतात तीच गळवं वाढतात. ऑपरेशनशिवाय सुटका होईलच असं नाही. असं फुप्फुस आधीच खाऊ घातलं असेल तर पशुवैद्यकाकडून प्राझिक्वांटेल घ्या, मात्रा किलोला ५ मिलिग्रॅम. वरचेवर धोका असेल तर दर सहा आठवड्यांनी, कारण कृमी अंडी घालायच्या वयाला यायला साधारण तेवढाच काळ लागतो.

'आमच्या कुत्र्याला काही झालं नाही' असं काउंटरवर ऐकायला मिळतं. कुत्र्याला होत नसेलही, पण साल्मोनेला विष्ठेतून बाहेर पडतो आणि जेवणाचं भांडं चाटून कुत्रं तुमचा हात चाटतं. घरात तान्हं मूल, गरोदर बाई किंवा केमोथेरपी चालू असलेलं माणूस असेल तर चिकनचं पाकीटही आणू नका.

घरपोच सेवेत पाकीट साध्या कॅरीबॅगमधून येतं, बर्फ नाही की थर्माकोल नाही. स्वतः जाऊन सकाळी, दुकान उघडल्यावर लगेच घ्या आणि कोपरा बघूनच पैसे द्या.